अधिवेशन झालं की उमेदवार वर जातो, मग महिन्याभरात खाली का येतो?

खानापूरचा_विद्यार्थी

नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातला, राज्यशास्त्रात एम.ए. करतोय. सेमिनारला विषय घेतलाय अमेरिकेतली अध्यक्षीय निवडणूक आणि जनमत चाचण्या. वाचन बरंच झालंय, पण एका ठिकाणी गाडी अडली आहे.

1988 च्या जुलैत अटलांटा शहरात डेमोक्रॅटिक पक्षाचं राष्ट्रीय अधिवेशन झालं. मायकेल डुकाकिस उमेदवार म्हणून जाहीर झाले. लगेच नंतरच्या गॅलप या सर्व्हे संस्थेच्या चाचणीत ते रिपब्लिकन पक्षाच्या थोरल्या जॉर्ज बुश यांच्या 17 टक्के पुढे होते. आणि नोव्हेंबरात? बुश 40 राज्यं जिंकून अध्यक्ष झाले. दर चार वर्षांनी कमी-जास्त असंच दिसतं. अधिवेशन झालं की आकडा वर, थोड्या आठवड्यांत परत खाली. तिकडे याला ‘कन्व्हेन्शन बाउन्स’ म्हणतात. आपण उसळी म्हणू.

माझा प्रश्न साधा आहे. ती 17 टक्के माणसं गेली कुठं? खोटं बोलली होती का? की चाचणी घेणाऱ्यांचंच गणित चुकलं?

दुसरं, हे घरातलं आहे म्हणून विचारतो. माझे काका महाराष्ट्र एकीकरण समितीचे जुने कार्यकर्ते. बेळगावजवळ हलग्याच्या सुवर्णसौधात कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन सुरू झालं की समितीचा महामेळावा असतो. परवानगी मिळो न मिळो, काका जाणार म्हणजे जाणार. परत आले की म्हणतात, “माणूस बघायला पायजे होतास रे, यावेळी वारं वेगळं आहे.” पण 2018 ला समितीचा एकही आमदार झाला नाही, 2023 लाही नाही. हे आणि अमेरिकेतलं एकच आहे का? काकांना दुखवायचं नाही, पण मला समजून घ्यायचंय.

मार्कंडेय_काठचा

मी शेतकरी माणूस, पोलचं शास्त्र मला येत नाही. पण एवढं सांगतो. आमच्याकडं जुलैत मार्कंडेय नदीला पाणी येतं, भाताच्या शिवारात चढतं, चार दिवसांत उतरतं. पाणी उतरलं म्हणून ते आलंच नव्हतं असं कोण म्हणत नाही. थोडा गाळ मागं राहतो. तुझ्या त्या टक्क्यांतही काही वाहून जाणारं असेल, काही राहणारं असेल. किती राहतं ते जाणकारांनी सांगावं. काकांना माझा नमस्कार सांग.

अनगोळची_सर्व्हेताई

भावा, तुझा प्रश्न वाचला आणि हातातलं काम बाजूला ठेवलं. मी गेली कित्येक वर्षं सर्व्हेचं फिल्डवर्क करते. साबणाचे, टीव्हीचे, सरकारी योजनांचे आणि निवडणूक आली की मतांचे. बेळगाव शहर, खानापूर, निपाणी, चिकोडी, सगळीकडं दारं वाजवलीत. अमेरिकेला मी गेलेली नाही, पण दार बंद होताना कसं दिसतं ते मला चांगलं माहीत आहे, आणि तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथंच आहे.

आधी तुझ्या आकड्यातली एक गाठ सोडवू. 17 टक्के ही आघाडी आहे, उसळी नव्हे. उसळी म्हणजे अधिवेशनाआधी त्या उमेदवाराला किती टक्के होते आणि नंतर किती झाले, यातला फरक. डुकाकिस अटलांटाच्या आधीपासूनच पुढे होते, अधिवेशनानं त्यात भर घातली. शिवाय एक माणूस बुशना सोडून डुकाकिसकडं गेला की आघाडी दोननं वाढते, कारण इकडं एक घटला आणि तिकडं एक वाढला. म्हणून आघाडीचा आकडा कायम फुगलेला दिसतो. पेपरवाले तोच छापतात. सेमिनारला तू दोन्ही वेगवेगळे मांड, निम्मा घोळ तिथंच मिटेल.

आता दारावरचं सांगते. एखाद्या मोठ्या पक्षाची शहरात दणक्यात सभा झाली, दिल्लीचा नेता आला, रात्रभर मोबाईलवर तेच व्हिडिओ. दुसऱ्या दिवशी मी टॅब घेऊन वडगावच्या विणकर गल्लीत. पहिल्या घरावर त्या पक्षाचा झेंडा. दार उघडंच. “या, बसा, चहा घ्या.” बाहेर माग चालू असतो, त्याच्या वरताण आवाज काढून घरातला बाबा सांगतो कुणाला मत देणार, का देणार, शेजारचा कुणाला देणार तेही सांगतो. मी विचारलेल्या वीस प्रश्नांची चाळीस उत्तरं मिळतात. चार घरं पुढं दुसऱ्या पक्षाचं घर. उंबऱ्याबाहेर चपलांचे पाच जोड. आतून टीव्हीचा आवाज. दार वीतभर उघडतं आणि एक मुलगी सांगते, “घरात कोण नाही.” मी टॅबवर ‘नकार’ दाबते आणि पुढं जाते.

त्या दिवशी संध्याकाळी माझा डेटा वर गेला की काय दिसणार? तो पक्ष वाढला. गल्लीत एकाही माणसानं मत बदललेलं नसतं. जिंकल्यासारखं ज्याला वाटतंय तो बोलला, ज्याला वाईट वाटतंय तो गप्प बसला. काही दिवसांनी दुसऱ्या कामासाठी त्याच गल्लीत गेले तर तीच मुलगी पाणी आणून देते, आणि तिची आई मी न विचारता सांगते की आमचं घर पहिल्यापासून अमक्याचं.

हे फक्त आमच्या गल्लीत होतं असं समजू नकोस. अमेरिकेत बहुतेक चाचण्या फोनवर होत आल्या, हल्ली ऑनलाइन. तिथल्या प्यू रिसर्च सेंटरनं स्वतःच्या फोन सर्व्हेचा हिशोब जाहीर केलाय. 1997 ला शंभरातले 36 प्रतिसाद देत होते, 2012 ला 9, आणि 2018 ला फक्त 6. म्हणजे शंभर नंबरांमागं सहा माणसं. त्या सहांत कुठल्या पक्षाचा माणूस त्या आठवड्यात जास्त उत्साहात आहे, त्यानं आकडा हलणारच.

आम्हाला शिकवतात की वय, बाई-पुरुष, शिक्षण, गाव-शहर यांचं प्रमाण जनगणनेप्रमाणं नंतर जुळवून घेतात. घेतात, खरं आहे. पण उत्साहाचा रकाना जनगणनेत नसतो. त्या झेंडेवाल्या घरातला बाबा आणि गप्प बसलेल्या घरातला बाबा, दोघंही पन्नाशीचे, दोघंही दहावी, दोघंही मागावरचे. कागदावर सारखेच. एकाच्या जागी दुसरा धरला तरी वजनाच्या गणिताला काही कळत नाही.

यावर 2012 च्या निवडणुकीत एक मोठा अभ्यास झाला. अँड्र्यू गेल्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक्सबॉक्स या खेळाच्या यंत्रावरून शेवटचे 45 दिवस रोज लोकांची मतं घेतली. ओबामा आणि रॉम्नी यांचा पहिला वादविवाद 3 ऑक्टोबरला झाला. ओबामा त्यात फिके पडले आणि चाचण्यांत घसरले. पण उत्तर देणाऱ्यांत कुठल्या पक्षाचे किती, हे जुळवून घेतल्यावर दिसलं की घसरण बरीच लहान होती. ओबामांची माणसं ओबामांना सोडून गेली नव्हती, त्या दिवसांत उत्तर द्यायला कमी येत होती. तो अभ्यास वादविवादाचा, अधिवेशनाचा नाही. पण दार तेच.

म्हणून तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: खोटं कुणी बोललेलं नाही. बोलणाऱ्यांची रांग बदलली.

खानापूरचा_विद्यार्थी

ताई, मनापासून आभार. चपलांचे पाच जोड डोळ्यासमोरून जाईनात. पण मग असं धरायचं का की उसळी म्हणजे सगळा भासच? माझे सर हे मान्य करणार नाहीत. ते म्हणतात अधिवेशनाचा परिणाम खरा असतो.

मिलवॉकीत_बेळगावकर

मूळचा शहापूरचा, बरीच वर्षं इकडे विस्कॉन्सिनमध्ये नोकरीला. ताईंचं लिहिणं वाचून गल्लीत फिरून आल्यासारखं वाटलं. पण तुझे सर बरोबर आहेत, सगळा भास नाही.

ताईंनी सांगितलेलं झालं बोलणाऱ्यांचं. आता न ठरवलेल्यांचं आणि रुसलेल्यांचं घे. इथं उमेदवार आधी आपल्याच पक्षात महिनोन् महिने लढतो. त्यांना प्रायमरी म्हणतात. त्यात मनं दुखावतात. 2016 ला बर्नी सँडर्स यांचे पाठीराखे हिलरी क्लिंटन यांच्यावर एवढे नाराज होते की फिलाडेल्फियाच्या अधिवेशनात पहिल्या दिवशी सभागृहात त्यांच्या विरोधात आरडाओरडा झाला. चाचणीत अशी माणसं ‘ठरलं नाही’ म्हणतात किंवा तिसऱ्याचं नाव घेतात. मग व्यासपीठावर सँडर्स स्वतः उभे राहून क्लिंटनना पाठिंबा देतात, चार दिवस तेच टीव्हीवर चालतं, आणि यातली बरीच माणसं पक्षाकडं परत येतात. हा बदल खरा असतो. आणि ही माणसं शेवटी मतदानाच्या दिवशीही बहुतेक तिथंच असतात. ती तशीही आली असती, अधिवेशनानं थोडी लवकर आणली एवढंच.

त्या वर्षी दोन अधिवेशनं एका आठवड्याच्या अंतरानं झाली. क्लीव्हलँडला 18 ते 21 जुलै ट्रम्प यांचं, फिलाडेल्फियाला 25 ते 28 जुलै क्लिंटन यांचं. मधल्या दिवसांत सरासरीत ट्रम्प थोडे पुढे दिसले. ऑगस्टात क्लिंटन चांगल्याच पुढे गेल्या. निकालात देशभरातली मतं त्यांना साधारण दोन टक्के जास्त, पण राज्यांच्या हिशोबात अध्यक्ष ट्रम्प. तीन महिन्यांत तीन वेगळी चित्रं.

आणि सगळ्यात मोठी उसळी कुणाची? 1992 च्या बिल क्लिंटन यांची. गॅलपच्या मोजणीत 16 टक्के, ही खरी उसळी, आघाडी नव्हे. पण त्यात एक गोम आहे. अधिवेशन न्यूयॉर्कला चालू होतं आणि त्याच्या शेवटच्या दिवशी, 16 जुलैला, रॉस पेरो या तिसऱ्या तगड्या उमेदवारानं माघार घेतली. त्यांचे पाठीराखे एकदम मोकळे झाले आणि टीव्हीवर त्या रात्री क्लिंटनच होते. अधिवेशनानं किती दिलं आणि पेरोंनी किती, हे वेगळं काढणं अवघड. पेरो ऑक्टोबरच्या सुरुवातीला परत रिंगणात आले आणि क्लिंटन शेवटी 43 टक्क्यांवर निवडून आले.

उलट गोष्ट 2024 ची. कमला हॅरिस यांचं शिकागोचं अधिवेशन 22 ऑगस्टला संपलं. दुसऱ्याच दिवशी अपक्ष उमेदवार रॉबर्ट केनेडी ज्युनियर यांनी प्रचार थांबवून ट्रम्पना पाठिंबा दिला. हॅरिस यांना फारशी उसळी दिसली नाही. अर्थात त्याचं हेच एक कारण नाही. बायडेन यांनी 21 जुलैला माघार घेतल्यावर पक्षातली माणसं महिनाभर आधीच त्यांच्यामागं गोळा झाली होती. परत यायचं राहिलं होतं कोण?

तारखांचा खेळ बघायचा असेल तर 2008 बघ. ओबामांचं डेन्व्हरच्या स्टेडियममधलं भाषण 28 ऑगस्टच्या रात्री झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचे रिपब्लिकन प्रतिस्पर्धी जॉन मॅकेन यांनी सॅरा पेलिन यांचं नाव उपाध्यक्षपदासाठी जाहीर केलं आणि ओबामांची बातमी मागं पडली. लगेच सेंट पॉलला मॅकेन यांचं अधिवेशन. सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात मॅकेन चाचण्यांत पुढे. 15 सप्टेंबरला लेहमन ब्रदर्स ही बँक बुडाली, लोकांचं लक्ष नोकरी आणि घराच्या हप्त्याकडं गेलं, आणि निकालात ओबामा साधारण सात टक्क्यांनी जिंकले.

आमच्या मिलवॉकीचं थोडं सांगतो. 2020 ला डेमोक्रॅटिक अधिवेशन इथं ठरलं होतं. करोनामुळं जवळपास सगळं पडद्यावर झालं, बायडेन यांनी उमेदवारी डेलावेअरमधून स्वीकारली. त्या वर्षी दोन्ही पक्षांना उसळी नावालाच. 2024 च्या जुलैत रिपब्लिकन अधिवेशन मात्र खरंच इथं झालं, ट्रम्प यांच्यावर गोळीबार झाल्यानंतर दोन दिवसांनी सुरू झालं. आणि संपून तीन दिवस होतात तोवर बायडेन यांची माघार. एवढ्या घटना एकावर एक पडल्यावर उसळी कशाची म्हणून मोजायची?

एकंदरीत हल्ली उसळ्या लहान झाल्यात. मतदार दोन बाजूंना घट्ट बसलेत, मधले थोडे उरलेत. पूर्वी टीव्हीवर अधिवेशन दिवसभर दाखवायचे, आता मोठ्या वाहिन्या रात्रीचा थोडा वेळ देतात. आणि उमेदवार कोण हे महिने आधीच ठरलेलं असतं. उमेदवार ठरवायला मतदानाच्या एकापेक्षा जास्त फेऱ्या घ्याव्या लागल्या असं शेवटचं अधिवेशन 1952 चं.

अनगोळची_सर्व्हेताई

दादांचं पटलं, आणि बरं झालं त्यांनी लिहिलं. मी दारावरून बघते, त्यामुळं मला दार दिसतं. त्यांनी घरातलं सांगितलं.

पण दोन्ही जोडून बघ, एकच गोष्ट हाती लागते. रुसलेला परत येतो तोही आपल्याच पक्षाचा, आणि उत्साहानं दार उघडतो तोही आपल्याच पक्षाचा. समोरच्या पक्षाचा माणूस अधिवेशन बघून इकडं आला, असं फार थोडं. मला वाटतं सगळ्यांचा गैरसमज इथंच होतो. आकडा वर गेला की कार्यकर्त्याला वाटतं आपण नवी माणसं जिंकली. बहुतेक वेळा आपलीच मोजली गेलेली असतात.

डुकाकिस यांचंही तेच. जुलैत त्यांच्या घरची सगळी जागी होती. बुश यांच्या घरची अजून निवांत. ऑगस्टच्या मध्यात न्यू ऑर्लिन्सला रिपब्लिकन अधिवेशन झालं. बुश यांनी नवे कर लावणार नाही असं वचन दिलं, तेव्हाचे अध्यक्ष रेगन यांना मानणारी माणसं त्यांच्यामागं उभी राहिली, आणि पाठोपाठ डुकाकिस यांच्यावर जाहिरातींचा मारा सुरू झाला. महिन्याभरात आघाडी फिरली ती फिरलीच. तुझे ते 17 टक्के असे गेले. काही परत आपल्या घरी, काही मुळात अर्ध्या मनानं आलेले होते ते जाहिराती बघून निघाले, आणि काही कधी आलेच नव्हते, फक्त समोरचे गप्प होते.

चाचणीतली नेहमीची चूकही विसरू नकोस. हजार माणसांची चाचणी म्हणजे प्रत्येक आकड्याला तीनेक टक्के इकडं-तिकडं. दोघांमधल्या आघाडीला त्याच्या जवळपास दुप्पट. म्हणजे दोन-तीन टक्क्यांची उसळी एका चाचणीत दिसली तर ती आहे की नाही, तेच सांगता येत नाही.

आता काकांच्या महामेळाव्याबद्दल. हे लिहिताना मला जपून लिहावं लागेल, कारण माझं माहेरही समितीचं. सीमालढ्याच्या हुतात्मा दिनाला आमच्या घरी चूल उशिरा पेटायची. मेळावा निवडणुकीसाठी भरत नाही. बेळगाववरचा हक्क सांगायला कर्नाटक सरकार इथं अधिवेशन भरवतं, त्याला उत्तर म्हणून तो भरतो. त्याची तारीख विधिमंडळ ठरवतं. डिसेंबरात मेळावा, आणि विधानसभेचं मतदान मे महिन्यात. अमेरिकेत अधिवेशन ते मतदान अंतर दोन ते साडेतीन महिन्यांचं, तरी तिथं उसळी टिकत नाही. इथं पाच महिने. तोवर पाण्याचा प्रश्न येतो, रस्ता येतो, जात येते, राष्ट्रीय पक्षांचा पैसा येतो, उमेदवार कोण ते येतं.

आणि उमेदवारावरच सगळं अडतं. अमेरिकेतल्या अधिवेशनाचं मोठं काम आहे भांडण मिटवून एकाच नावावर शिक्का मारणं. भांडण मिटलं नाही तर अधिवेशन उलटतं. 1968 ला शिकागोत रस्त्यावर पोलिसांच्या लाठ्या चालल्या आणि देशानं ते टीव्हीवर पाहिलं. 1972 ला डेमोक्रॅटिक उमेदवार जॉर्ज मॅकगव्हर्न यांचं भाषण वाद संपता संपता पहाटे तीनच्या सुमाराला झालं, ऐकायला जागं कोण होतं? ते 49 राज्यं हरले. आपल्याकडं 2018 ला समितीत फूट होती, एकाच मतदारसंघात आपलीच माणसं एकमेकांसमोर. मेळाव्याला आलेला माणूस मतदानाला कुणाकडं परत येणार? त्याला परत यायला एकच घर पाहिजे होतं.

एक झालं तर मतं पडतात, हेही आपण पाहिलंय. एप्रिल 2021 च्या बेळगाव लोकसभा पोटनिवडणुकीत समितीच्या शुभम शेळके यांना 1 लाख 17 हजारांवर मतं पडली. जिंकलेल्या भाजपच्या मंगला अंगडी आणि काँग्रेसचे सतीश जारकीहोळी यांच्यात फरक पाच हजारांचा, त्यात ही एवढी मतं. त्या दिवसांत मी कामावर होते. मराठी गल्ल्यांत दारं अशी उघडत होती की मलाच प्रश्न संपवायला वेळ पुरेना. पाच महिन्यांनी, सप्टेंबरात, महापालिकेची निवडणूक झाली. 58 पैकी 35 जागा भाजपला, समितीच्या हातात मोजक्या. तीच घरं, तीच माणसं. वॉर्डाची निवडणूक वेगळी असते हे मान्य, पण एप्रिलचा जोर सप्टेंबरात जसाच्या तसा धरणाऱ्यांचे अंदाज साफ चुकले.

काकांना सांग, त्यांनी पाहिलेली गर्दी खरी आहे. पण गर्दीत आलेला माणूस हा आलेला माणूस आहे. त्यावरून न आलेल्याचं कळत नाही.

मार्कंडेय_काठचा

ताई, डोळे उघडले. पण एक विचारू? आमच्या गावात सर्व्हेवाले आले तर कन्नडात विचारतात. आमची म्हातारी “गोत्तिल्ला”, म्हणजे माहीत नाही, म्हणून आत जाते. मग तिचं मत कुठं धरतात?

अनगोळची_सर्व्हेताई

काका, तुम्ही फार महत्त्वाचं विचारलंत. तिचं मत कुठंच धरत नाहीत. टॅबवर ‘माहीत नाही’ किंवा ‘नकार’ जातं. तिला सगळं माहीत असतं, फक्त त्या भाषेत परक्या माणसाला सांगायचं नसतं. मला दोन्ही भाषा येतात म्हणून मी दारावरची पाटी, तुळस, घरातलं बोलणं ऐकून सुरुवात कुठल्या भाषेत करायची ते ठरवते. हे प्रशिक्षणात कुणी शिकवत नाही. सीमाभागातला कुठलाही आकडा दिसला की पहिला प्रश्न हाच विचारा, प्रश्नावली कुठल्या भाषेत होती आणि दारात उभं कोण होतं.

चांगल्या सर्व्हेत मत तोंडानं विचारत नाहीत. डमी मतपत्रिका हातात देतात, माणूस खूण करतो, घडी घालून पेटीत टाकतो. शेजारी सासू उभी असली तरी सून आपल्या मनाचं टाकते. मला ही पद्धत फार आवडते. पण वेळ लागतो, पैसे लागतात, म्हणून घाईच्या कामात वगळतात.

खानापूरचा_विद्यार्थी

आता शेवटचं. सेमिनारला तक्ता कसा करू? उसळी मोजायला कुठले आकडे घेऊ?

मिलवॉकीत_बेळगावकर

एकाच संस्थेच्या चाचण्या घे, गॅलपची जुनी वर्षं मिळतील. वेगवेगळ्या संस्था मिसळू नकोस, प्रत्येकीची पद्धत वेगळी असते. आघाडी न घेता उमेदवाराचे स्वतःचे टक्के घे. पहिला आकडा अधिवेशनाआधीचा, दुसरा लगेच नंतरचा, तिसरा दोन्ही पक्षांची अधिवेशनं संपून दोनेक आठवडे झाल्यावरचा, चौथा निकाल. तुला दिसेल की तिसरा आकडा निकालाच्या जास्त जवळ असतो. एरिक्सन आणि व्लेझियन या दोन अभ्यासकांनी अनेक निवडणुका तपासून तेच मांडलंय, की अधिवेशनांच्या काळात चित्र बरंचसं बसतं आणि नंतरच्या चाचण्यांवर जास्त भरवसा ठेवता येतो. तुमच्या सरांना हे आवडेल. आणि बाजूला एक रकाना ठेव, त्या आठवड्यात आणखी काय घडलं. पेरो, पेलिन, लेहमन, केनेडी, सगळे त्यात येतील. सत्तेबाहेरचा पक्ष अधिवेशन आधी घेतो, सत्तेतला नंतर, ही तिथली रीत आहे, तेही लिही. म्हणजे आधीच्याची उसळी उतरते त्यात नंतरच्याचा किती हात, ते विचारता येईल.

खानापूरचा_विद्यार्थी

सगळ्यांचे आभार. काल रात्री जेवणानंतर काकांना सगळा धागा वाचून दाखवला. 2018 चं आलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ताईंना विचार, मेळाव्याला न आलेल्या घरांपर्यंत जायचं असेल तर सुरुवात कशी करायची. ते गंभीरपणे विचारतायत.

अनगोळची_सर्व्हेताई

काकांना नमस्कार. मतदार यादी घ्या, बूथप्रमाणं. मेळाव्याला कोण आलं ते कार्यकर्त्यांना पाठ असतं, त्यांच्यावर खूण करा आणि ती घरं बाजूला ठेवा, तिथं जायची घाई नाही. राहिलेल्यांतून दर दहावं घर घ्या. ओळखीच्या घरावर सरकू नका, दहावं म्हणजे दहावंच. झेंडा, टोपी, गळ्यात काही नको. मेळाव्यानंतर निदान तीन आठवडे थांबा. जाताना गावातली बाई बरोबर असू दे, बायका बाईशी बोलतात. “मत कुणाला” हे पहिल्या फेरीत विचारूच नका. पाणी किती दिवसांनी येतं, पोरं कुठल्या शाळेत, गेल्या वेळी मत द्यायला गेला होता का, एवढंच विचारा आणि त्यांच्यासमोर लिहून घ्या. दार उघडलं नाही तर वेळ लिहा आणि दुसऱ्या वेळी जा, सकाळी गेला असाल तर संध्याकाळी. तिथंही कुणी भेटलं नाही तर आणखी एकदा. यादी मिळाली की मला कळवा, रविवारी मी खानापूरला येऊ शकते.